हत्यारांशी हितगुज : एक बाजू खोल, एक बाजू उथळ

दसरा उलटला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर पालटतो. एरवी नळाचा वायसर, मिक्सरचे सैल झालेले भांडे आणि शिवणयंत्राचा तुटणारा दोरा यांवर वर्ष निघते. दिवाळी तोंडावर आली की आकाशकंदिलाचे होल्डर, एक दिवा गेला म्हणून अख्खी झोपलेली माळ, फिरेनासा झालेला चकलीचा सोऱ्या अशी प्रकरणे सुरू होतात. गेल्या दिवाळीत या यादीत एका नव्या यंत्राची भर पडली, आणि तीही पत्राने नव्हे, तर रात्री साडेनऊला आलेल्या फोनने.

"काका, उद्या येऊ शकाल का? यंत्र एका बाजूला खालचा कागदसुद्धा फाडतंय आणि दुसऱ्या बाजूला कापतच नाहीये. वसुबारसेला आठ दिवस राहिलेत."

बोलणारी माझ्या एका जुन्या स्नेह्यांची सून. राहायला डोंबिवलीला. बाई मोठी धीराची, पण त्या दिवशी आवाजात असे काही होते की "परवा बघू" म्हणण्याची माझी छाती झाली नाही.

आता थोडी पूर्वपीठिका सांगतो. तिच्या यजमानांच्या कंपनीने दीड वर्षापूर्वी माणसे कमी केली, त्यांत यांचेही नाव होते. दुसरी नोकरी मिळाली, पण पगार आधीपेक्षा कमी. घराचा हप्ता मात्र होता तेवढाच. तेव्हा या माउलीने मुलीच्या नावाने ठेवलेली एक मुदत ठेव मोडली आणि स्टिकर कापण्याचे यंत्र घरात आणले. मिठाईच्या डब्यांवरची लेबले, मसाल्याच्या बरण्यांवरची नावे, मुलांच्या वह्यांवरच्या चिठ्ठ्या अशी बारीकसारीक कामे करून आठ-नऊ महिने दूध-भाजीचा खर्च तिने त्या यंत्राच्या जिवावर भागवला. आणि दसऱ्याच्या सुमारास एका साडीच्या दुकानाने एकदम तीनशे ताव सांगितले. प्रत्येक तावावर लक्ष्मीची पावले, शुभ-लाभ आणि चार कोपऱ्यांच्या वेलबुट्ट्या. साडी घेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला एक ताव भेट. या एका कामाच्या पैशांतून मोडलेली ठेव बहुतेक पुन्हा उभी राहणार होती.

पन्नास मीटरचा रोल आणला. रुंदी चोवीस इंच, म्हणजे दोन ताव शेजारी शेजारी बसतात. ताव एक फूट लांबीचा. हिशेब करा: तीनशे तावांना दीडशे फूट लागतात आणि रोलमध्ये एकशे चौसष्ट फूट असतात. मी पोचलो तेव्हा त्यातले बारा फूट केराच्या टोपलीत गेलेले होते. उरलेल्या रोलमध्ये चुकीला जेमतेम दोन फूट जागा होती.

हे यंत्र करते तरी काय?

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. आपल्या बाजारात त्याला 'रेडियम कापायचे मशीन' म्हणतात. मोटारीच्या काचेवरची नावे, दुकानाच्या दारावरची अक्षरे, स्कूटरवरचे गणपती या सगळ्याला आपण सरसकट रेडियम म्हणतो. त्यात क्युरी दांपत्याने १८९८ साली शोधलेल्या रेडियमचा कणही नसतो. ते असते व्हिनाइल, म्हणजे पीव्हीसीचा पातळ रंगीत पापुद्रा. त्याच्या पाठीला गोंद आणि गोंदाखाली गुळगुळीत मेणचट कागद. यंत्रात एक बारीक पाते असते. संगणक सांगेल त्या रेषेवरून ते डावी-उजवीकडे धावते आणि दाबणारी चाके तावाला पुढे-मागे नेतात. दोन्ही हालचाली मिळून लक्ष्मीचे पाऊल उमटते.

सारी गंमत खोलीची आहे. पाटीसाठी वापरतात तो नेहमीचा पापुद्रा मिलिमीटरच्या आठशतांश हिश्शाच्या आसपास जाड असतो, म्हणजे जवळपास आपल्या केसाएवढा. पात्याने तो पापुद्रा आणि त्याखालचा गोंद पुरता कापायचा, पण खालच्या कागदावर नुसता ओरखडा उमटवून थांबायचे. पापड लाटताना पोळपाटाला लाटणे लागू नये, तसला हा प्रकार! काप उथळ झाला तर नको असलेला भाग सोलताना पाकळ्या त्याच्याबरोबर निघून येतात. खोल झाला तर खालचा कागदच फाटतो आणि चित्र सोलणाऱ्याच्या हाती कागदाचे कपटे येतात. आमच्या सूनबाईंच्या तावांत डावीकडच्या पावलांचे कपटे होत होते आणि उजवीकडची पावले बोटांविना निघत होती.

या यंत्राचा वंश मोठा मनोरंजक आहे. जोसेफ गर्बर नावाचा मुलगा १९२४ साली व्हिएन्नात जन्मला आणि नाझींच्या तावडीतून सुटून १९४० साली आईबरोबर अमेरिकेत पोचला. कॉलेजात असताना आलेखांची मापे काढून काढून तो कंटाळला. त्याने आपल्या पायजम्याचे इलॅस्टिक काढले, त्यावर खुणा केल्या आणि हवी तशी ताणता येणारी मोजपट्टी बनवली! त्याच गर्बरच्या कंपनीने १९८० च्या दशकाच्या आरंभी संगणकाच्या हुकमावर पाट्यांची अक्षरे कापणारे यंत्र बाजारात आणले. पुढे त्या कुळातली यंत्रे आपल्याकडेही आली आणि कुंचल्याने पाट्या रंगवणाऱ्या कितीतरी पेंटरांचे हात रिकामे झाले. यंत्र एकाला भाकरी देते तेव्हा ती पुष्कळदा दुसऱ्याच्या ताटातली असते. हे वाक्य मी इथे उगीच लिहीत नाही. ते का, हे पुढे कळेलच.

माझ्या तीन चुका

घरात शिरलो तेव्हा यजमान खुर्चीत अंग चोरून बसले होते. "काका, मी हिला म्हणतोय, येईल त्या किमतीला विकून टाकू. दुकानदाराला आजच कळवू, म्हणजे तो तरी दुसरीकडे सोय करील." सूनबाई काही बोलली नाही. मुलगी दाराशी उभी होती. आणि गॅलरीत पाठमोरे बसले होते नाना, माझे स्नेही, या घरातले वडीलधारे. वय अठ्ठ्याहत्तर. उमेदीची वर्षे त्यांनी गिरगावातल्या एका छापखान्यात ट्रेडलवर काढली. आधी ऑफसेट आले, मग संगणक आला, आणि नव्वदीच्या दशकात छापखान्याला कुलूप लागले. शिशाचे खिळे वजनावर मोडीत गेले. तेव्हापासून संगणक लावलेले कुठलेही यंत्र म्हटले की नाना तोंड फिरवतात. सुनेच्या यंत्राकडे आठ-नऊ महिन्यांत त्यांनी एकदाही पाहिले नव्हते.

मी सूनबाईला विचारले, "केव्हापासून होतंय? आणि मधे काय काय बदललंस?"

ती म्हणाली, "महिन्याभरापूर्वी उजवीकडचा काप कमी पडायला लागला. मी दाब वाढवला. चार दिवस बरं चाललं. मग पुन्हा कमी पडलं, म्हणून पातं थोडं बाहेर काढलं. पुन्हा आठवडाभर ठीक. परवा मोठा रोल लावला तर डावीकडचा कागदच फाटायला लागला."

वाचकहो, खरे सांगायचे तर अर्धे निदान तिच्या या चार वाक्यांतच होते. पण वैद्याला स्वतःच्या औषधांची घाई असते. मी ऐकले आणि पिशवीतली हत्यारे काढू लागलो.

पहिला संशय पात्यावर. यंत्र बंद करून पात्याची नळी बाहेर काढली. घड्याळजीच्या भिंगातून टोक पाहिले तर टवका उडालेला. नळीत व्हिनाइलचे बारीक तंतू अडकलेले. हे पाते नळीत मोकळे फिरावे लागते, कारण त्याचे टोक मध्यापासून सुमारे पाव मिलिमीटर बाजूला असते. कचेरीतल्या खुर्चीच्या पायाचे चाक जसे आपोआप जाण्याच्या दिशेला वळते, तसेच तेही वळते. तंतू अडकले की वळणे अडखळते आणि कोपरे फाटतात. नळी साफ केली, नवे पाते घातले. कोपरे सुधारले. पण डावी-उजवी होती तशीच.

दुसरा संशय मालावर. रोलला हात न लावता जुन्या शिलकीतला एक तुकडा घेतला आणि त्याच्या रुंदीवर डावीकडून उजवीकडे पाच लहान चौकोन कापले. मग तुकडा फिरवून डावी बाजू उजवीकडे केली आणि मधल्या कोऱ्या जागेत पुन्हा पाच चौकोन. दोन्ही वेळा यंत्राचीच उजवी बाजू उथळ. दोष मालात असता तर तो तुकड्याबरोबर फिरला असता. व्हिनाइल निर्दोष सुटले.

तिसरा संशय दाबणाऱ्या चाकांवर. प्रत्येक चाकाखाली कागदाची पट्टी धरून ओढून पाहिली. सगळीकडे सारखाच अडसर. तीही निर्दोष.

उरला तो दांडा, ज्याच्यावरून पाते धावते. तो एका बाजूने वर उचललेला असेल असे मी ठरवून टाकले आणि स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या मुळाशी लावला.

"थांबा." मागून आवाज आला. नाना गॅलरीतून उठून खोलीच्या दारात उभे होते. "ताव उलटा करून बघितलात का?"

पाठीवर लिहिलेले

मी तावाची पुढची बाजू पंचवीस वेळा पाहिली होती. पाठ एकदाही पाहिली नव्हती.

नानांनी तो तुकडा घेतला, गॅलरीत नेला, उजेडात तिरपा धरला आणि डोळे मिटल्यासारखे करून बोटांची टोके त्याच्या पाठीवरून फिरवली. छापखान्यातल्या माणसाची ही जुनी खोड. खिळ्यांचा दाब सारखा बसला की नाही हे तो छापलेल्या बाजूला नव्हे, कागदाच्या पाठीवर वाचतो. दाब कमी पडला त्या जागी मागच्या अस्तराला पातळ कागदाचे तुकडे चिकटवून तो दाब सारखा करायचा. त्याला मेकरेडी म्हणत. चांगल्या कामाला छपाईपेक्षा मेकरेडीलाच जास्त वेळ लागे.

"डावीकडे रेघ धारदार आहे," नाना म्हणाले. "मधेही आहे. उजवीकडे रेघ नाही, फुगवटा आहे. कागद खाली दबला, पण त्याला पाठीशी काही मिळालं नाही. इथे खाली रिकामं आहे."

मग ते यंत्रापाशी आले, आयुष्यात पहिल्यांदा. पात्याच्या वाटेखाली यंत्राच्या अंगावर एक पांढरी मऊ पट्टी चिकटवलेली असते. पाते त्या पट्टीच्या आधाराने कापते. पोळपाटच म्हणा ना. नानांनी त्या पट्टीवरून अंगठ्याचे नख डावीकडून उजवीकडे ओढले. दोन हिस्से नख सरळ घसरत गेले आणि शेवटच्या हिश्शात अडकले.

"हे बघा."

भिंग लावले तर पट्टीच्या उजव्या भागात सुमारे नऊ इंच लांबीची चर पडलेली होती, सुरीने कोरल्यासारखी. डावा भाग अगदी नवा कोरा.

आता सगळा उलगडा झाला. या यंत्राचा आरंभबिंदू उजवीकडे असतो. आठ-नऊ महिने सूनबाईने लहान लहान लेबले कापली, ती सगळी उजव्या कडेला. पट्टी तेवढीच झिजली. झिजलेल्या चरीवर ताव अधांतरी राहतो, पात्यासमोरून खाली वाकतो आणि काप उथळ पडतो. काप उथळ म्हणून तिने दाब वाढवला, पाते बाहेर काढले. लांब झालेले पाते कागद ओलांडून पट्टीतच रुतू लागले आणि चर आणखी खोल झाली. चर खोल झाली म्हणून पाते आणखी बाहेर! लहान कामात हे लपून राहिले, कारण सारे काम चरीवरच चालले होते. रुंद रोल लावताच तेच लांबलेले पाते डावीकडच्या धडक्या पट्टीवर गेले आणि तिथला कागद फाटला. दोष उजवीकडे होता, बोंब डावीकडे उठली.

नाना म्हणाले, "टिश्यू आण गं, खालून मेकरेडी करू." मुलगी धावलीसुद्धा. पण टिश्यू हाती आल्यावर नाना क्षणभर थांबले आणि मान हलवून म्हणाले, "नाही. ट्रेडलवर खड्डा कागदामागे असायचा, तो मागून भरता यायचा. इथे वरची कातडीच चिरलीय. खालून भरलं तर चरीचे दोन्ही काठ वर येतील आणि चर तशीच राहील. पट्टीच बदलायला हवी."

मी स्क्रू-ड्रायव्हर मुकाट्याने पिशवीत टाकला. कारखान्यात सरळ बसवलेला दांडा मी एका पट्टीपायी वाकडा करणार होतो.

आठ दिवसांचा हिशेब

नवी पट्टी मिळायला चार दिवस लागणार होते. तोवर काय? उत्तर समोरच होते. पट्टीचा डावा भाग शाबूत होता. रोलमधून दहा-दहा फुटांचे तुकडे काढायचे, पोलादी पट्टी लावून प्रत्येकाचे बारा इंची दोन भाग करायचे, तुकडा डावीकडे लावायचा, चाके तिकडे सरकवायची आणि आरंभबिंदूही तिथेच ठरवायचा. वेळ दुप्पट लागणार, पण माल वाया जाणार नव्हता.

त्याआधी पाते जागेवर आणले. त्याची रीत लिहून ठेवा. नळीतून पात्याचे टोक इतकेच बाहेर हवे की बोटाच्या टोकाला जेमतेम जाणवावे. मिलिमीटरचा दहावा ते पाचवा हिस्सा, अधिक नाही. मग नळी हातात धरून, पेनाने लिहितो तेवढ्याच जोराने शिलकीच्या तुकड्यावर ओढावी. पापुद्रा कापला गेला आणि कागदावर नुसता ओरखडा आला की पाते बरोबर. त्यानंतर ते यंत्रात बसवावे आणि दाब ऐंशी ग्रॅमच्या आसपास ठेवून, पाच-पाच दहा-दहा ग्रॅमनी चढवत न्यावा. पात्याची लांबी बरोबर असेल तर नळीचे नाक तावावर टेकते आणि पात्याला त्याहून खोल जाताच येत नाही. लांबी जास्त असेल तर नाक अधांतरी राहते आणि मग पट्टीचा, मालाचा, वेगाचा प्रत्येक बारीकसा दोष कापात उतरतो. सूनबाईच्या यंत्रात नेमके हेच झाले होते.

पहिला ताव कापला. सूनबाईने कोपरा उचलला आणि सोलत नेला. दहाही बोटे कागदावर राहिली. ती काही बोलली नाही. तिने ताव उलटा केला आणि नानांच्या पुढे धरला. नानांनी बोट फिरवले आणि म्हणाले, "चालेल. पण पाच ग्रॅम कमी कर."

त्या रात्रीपासून यजमान कचेरीतून आले की तुकडे कापायला बसत. "विकून टाकू" हा शब्द पुन्हा निघाला नाही. मुलगी अभ्यास आटोपून सोलायला बसे. पाचव्या दिवशी नवी पट्टी आली. जुनी सावकाश उपटून काढली, राहिलेला गोंद स्पिरिटने पुसला आणि नवी पट्टी एका टोकाकडून बोटाने दाबत दाबत, बुडबुडा न ठेवता बसवली. खाली भाताच्या कणीएवढा कचरा राहिला तरी तिथे उंचवटा होतो आणि नवा आजार सुरू होतो. मग पूर्ण रुंदीचा रोल लागला.

वसुबारसेला दोनशे साठ ताव दुकानात पोचले, राहिलेले चाळीस धनत्रयोदशीला दुपारी. दुकानदाराने कुरकुर केली आणि उशिरापोटी थोडे पैसे कापले. त्यामुळे ठेव पूर्ण उभी राहिली नाही, थोडी उणी राहिली. ती उणीव संक्रांतीच्या कामांनी भरून काढली, असे मला नंतर कळले.

दोष कोणाबरोबर फिरतो?

ज्यांच्या घरी असे यंत्र आहे त्यांनी पुढचे कात्रण यंत्राशेजारी लावून ठेवावे. काप असमान पडला की स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हा दोष कोणाबरोबर फिरतो?

ताव फिरवला तरी दोष यंत्राच्या त्याच जागी राहिला, तर तो यंत्राचा. ठराविक जागीच उमटत असेल तर पट्टीवर चर, फुगा किंवा कचरा आहे. नखाने पाहा. एका टोकाकडून दुसरीकडे हळूहळू वाढत गेला असेल तर आधी पट्टी पाहा, मग यंत्र सपाट टेबलावर आहे का ते पाहा. दांड्याचा विचार सर्वांत शेवटी, आणि तोही माहीतगार कारागिराकडून.

दोष तावाबरोबर फिरला, तर तो मालाचा. जुने, सुरकुतलेले, उन्हात तापलेले व्हिनाइल सारखे कापले जात नाही.

दोष आकृतीबरोबर फिरला, म्हणजे कुठेही कापा, तो कोपऱ्यांत आणि बारीक अक्षरांतच उमटतो, तर वेग कमी करा आणि पात्याचे टोक तपासा. रेघेची सुरुवात आणि शेवट जुळत नसतील, तर पाते नळीत मोकळे फिरते का ते पाहा, आणि संगणकात पात्याचे बाजूला सरकलेले अंतर बरोबर भरले आहे का, तेही पाहा.

दोष कधी इथे, कधी तिथे भटकत असेल, तर पात्याची नळी तिच्या पकडीत सैल आहे, नळीत तंतू आहेत किंवा एखादे चाक ताव नीट धरत नाही.

चिकट चटईवर ताव ठेवून कापणारी लहान यंत्रे असतात. त्यांत चटईचा चिकटपणा जाणे आणि चटई वाकणे हे दोन आजार आधी तपासावेत.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय बदलले ते वहीत लिहावे. पाते बदलताना यंत्र बंद ठेवावे. जुनी पाती रिकाम्या औषधाच्या बाटलीत घालून झाकण लावूनच टाकावीत, कचरा वेचणाऱ्याचे हातही हातच असतात. आणि पीव्हीसीचे हे व्हिनाइल लेसरच्या यंत्रावर कधीही कापू नये. जळताना त्यातून विषारी आम्लाचा वायू निघतो. तो छातीला घातक, आणि यंत्रालाही.

मुख्य सूचना मात्र या सगळ्यांच्या आधीची आहे. एखादी गोष्ट कमी पडू लागली की आपण जोर वाढवतो. काप कमी, दाब वाढवा. शिवणीचा टाका सैल, ताण वाढवा. मिक्सर बारीक वाटत नाही, आणखी वेळ फिरवा. जोर वाढवल्याने चार दिवस भागते आणि झिजलेली जागा आणखी झिजते. जोर वाढवण्याआधी, कमी का पडले हे पाहायला पाच मिनिटे द्यावीत. ताव उलटा करून पाहावा.

मागच्या महिन्यात पुन्हा त्या घरी गेलो होतो. यंदाचे काम सुरू झाले आहे. पट्टी समान झिजावी म्हणून सूनबाई लहान लेबले आता आठवड्याला जागा बदलून कापते, कधी उजवीकडे, कधी मधे, कधी डावीकडे. सकाळचा पहिला ताव मात्र ती आधी नानांकडे नेते. नाना चष्मा न लावता, बोटांनीच तो पाठीकडून वाचतात. पास झाला तर यंत्र पुढे चालते. यंत्राला ते अजूनही नावाने हाक मारीत नाहीत, पण परवा मुलीला म्हणत होते, "अगं, आपल्या मशीनवरची धूळ पुसलीस का?"

'आपल्या' हा शब्द मी नीट ऐकला. सूनबाईनेही ऐकला असावा, कारण तिने चहात साखर दोनदा घातली.

सर्व वाचकांना ही दिवाळी सुखाची जावो. कुणाचे यंत्र अडले असेल तर कळवावे. मात्र पत्रात काय बिघडले याच्याबरोबरच, बिघडण्याआधी तुम्ही काय बदलले होते, तेही लिहावे.